कमरेला खोचलेली चावी

जावयाच्या हातातून गाडीची चावी काढून घेणारी सासू आमच्या कोपरखैरण्यात त्याआधी कुणी पाहिली नव्हती. पुढे कितीतरी दिवस गावात तेवढाच विषय होता. कुणी आईला नावं ठेवली, कुणी तिच्या तोंडावर हसलं. मी त्या वेळी तिच्या शेजारीच उभी होते, म्हणून जे झालं ते नीट सांगते.

आई म्हणजे माझी सासू, जमुना. मी योगिनी, माहेरची मोऱ्याची, उरणच्या बंदरावरची. कल्पेशशी लग्न होऊन मी कोपरखैरण्याला आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमचं घर जुन्या गावठाणात. चारी बाजूंनी सिडकोच्या घरांच्या ओळी उठलेल्या आणि मध्ये आमची कौलं. सासरे तुळशीराम पूर्वी मिठागरावर जायचे. मिठागरं गेली तेव्हापासून खाडीत पाग टाकून चार मासे आणायचे, बाकी वेळ ओट्यावर. कल्पेश तुर्भ्याच्या कंपनीत. आणि आई वाशीच्या मासळी बाजारात बसायची. पहाटे धक्क्यावरून माल आणायचा, तोही टेंपोच्या हौद्यात, बर्फाच्या पाट्यांमध्ये बसून. किती ड्रायव्हर तिने पाहिले असतील, कुणास ठाऊक.

माझी नणंद दर्शना घणसोलीला दिलेली. तिचा नवरा जयप्रकाश माणूस सोन्यासारखा. स्वतःचा टेंपो होता त्याचा, वाशीच्या मार्केटमधून भाजी भरून ठाण्यापर्यंत पोचवायचा. आमच्या घरी आला की दारातूनच हाक, “मामी, आज कालवन कसलं?” आई त्याच्यासाठी पापलेटातलं पापलेट बाजूला काढून ठेवायची. जावई म्हणजे आमच्याकडे देवाच्या खालोखाल. त्याच्यासमोर आई खुर्चीवर बसलेली मी कधी पाहिली नाही, आणि ताटावर बसलेल्या जावयाला ती कधी ‘पुरे’ म्हणाली नाही.

त्यांचा पोरगा प्रितेश दीड वर्षाचा झाला आणि त्याचं जावळ एकवीरेला काढायचं ठरलं. आमच्या आगरी-कोळी लोकांची ती देवी. कार्ल्याच्या डोंगरावर तिचं देऊळ. चैत्रातली मोठी जत्रा नुकतीच होऊन गेली होती, म्हणून गर्दी जरा कमी असेल असा हिशेब. जयप्रकाश म्हणाला, “बस-बीस काय करायची नाय. माजा टेंपो हाय ना! सगली बसा.”

आदल्या दिवशी आईने चूल पेटवून मोठ्या टोपात पाणी उकळलं, गार केलं आणि गाळून कॅनमध्ये भरलं. चुलतसासरे हौसेराव ओट्यावरून हसले, “वहिनी, डोंगरावर पानी नाय का?”

“हाय. पन कोनाच्या हातचं, कसलं, ते आपल्याला काय म्हाईत? पोरं हायत संगतीला.”

तिने लिंबं घेतली, आल्याचे तुकडे घेतले, एका पुडीत साखर, एका पुडीत मीठ. जुन्या लाल लुगड्याच्या पट्ट्या फाडून आमच्या वाड्यातल्या सगळ्या पोरांच्या मनगटांना बांधल्या. म्हणाली, गर्दीत आपलं पोर लांबून ओळखू आलं पाहिजे. मला गंमत वाटली. बाजारात दिवसभर ओरडून मासे विकणारी ही बाई पट्टीची गाठ इतकी सैल बांधत होती की कुणाच्या मनगटाला वळ उमटू नये.

निघताना हौद्यात गाद्या टाकल्या, वर ताडपत्री ओढली. आईने पोरांना आणि बायकांना केबिनच्या बाजूला बसवलं, मागच्या फळीच्या कडेला बाप्या माणसांना. पनवेल गेलं, खोपोली गेली. घाट चढताना पोरांचे चेहरे पांढरे पडायला लागले तसे तिने एकेकाच्या तोंडात आल्याचा तुकडा सारला आणि ताडपत्रीचा एक कोपरा वर करून वारा आत घेतला. एकही पोर ओकलं नाही. जयप्रकाश गाडी अशी चालवत होता की वळण कधी आलं न् कधी गेलं कळत नव्हतं. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी त्याने गाडी थांबवली, उतरून हात जोडले. आई मला म्हणाली, “हात बघ कसा हाय त्याचा. आपलं नशीब.”

हे मी मुद्दाम सांगते. तिला त्याच्या हाताची किंमत माहीत नव्हती असं नाही.

डोंगर चढून दर्शन झालं. प्रितेशचं जावळ निघालं, पोरगं आधी रडलं आणि मग स्वतःच्याच डोक्यावर हात फिरवून हसायला लागलं. खाली पायथ्याशी, वेहेरगावाच्या अलीकडे, झाडाखाली चुली मांडल्या. मटण शिजलं, भाकऱ्या झाल्या. आणि बाप्या लोकांच्या बाटल्या उघडल्या. यात नवल काही नाही. आमच्याकडे देवीचा नवस फेडला की बसायचं, हे ठरलेलंच. जयप्रकाशच्या पोराचं जावळ, त्याचाच मान. ज्याने त्याने त्याला आग्रह केला. “यजमान, आमच्या हातचा एक!” तो नाही म्हणत होता आणि घेत होता.

आई वाढत होती, पण तिची नजर त्याच्यावर होती. मी ते पाहिलं. जेवणं उरकल्यावर त्याने प्रितेशला मांडीवर घेतलं आणि त्याच्या उघड्या डोक्यावर टोपी घालायला गेला. टोपी कानावरून घसरली. परत घातली, परत घसरली. त्याला हसू आलं. “डोकं छोटं झालं माज्या पोराचं!” सगळे हसले. आई हसली नाही. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं, टोपी उचलून पोराच्या डोक्यावर नीट बसवली आणि दर्शनाला म्हणाली, “याला तुज्याकडं घे.”

ऊन कलायला लागलं तसा जयप्रकाश उठला. “चला, भरा सामान. पहाटे मार्केटला गाडी लावायची हाय.”

पातेली हौद्यात चढली. पोरं चढली. जयप्रकाशची आई राजाबाई, म्हणजे आमची विहीण, तिला हात देऊन वर घेतलं. जयप्रकाशने खिशातून चावी काढली आणि केबिनचं दार उघडायला गेला. चावी खाली पडली. तो वाकला, पण त्याच्याआधी आई वाकली. तिने चावी उचलली, पदराने पुसली, आणि लुगड्याच्या कमरेच्या घडीत खोल खोचली.

“मामी, चावी.”

“जावय, आज नाय. आज आपन हितंच र्‍हानार. सकाली जाऊ.”

त्याला वाटलं ती थट्टा करते आहे. तो हसला. “मामी, टेन्शन नका घेऊ. मना काय नाय झाला. हा घाट मी झोपंत उतरन.”

“म्हनून तर देत नाय.”

मग त्याचं हसू गेलं. त्याने हात पुढे केला. “मामी, द्या चावी. लोक बगतायत.”

आई तशीच उभी राहिली, दोन्ही हात पोटावर बांधून. तेव्हा माझ्या ध्यानात आलं तिने चावी कमरेला का खोचली ते. हातात असती तर तिच्या हातातून कुणीही हिसकावली असती. पण सासूच्या कमरेला हात लावेल असा जावई आमच्यात जन्मलेला नाही. जयप्रकाश कितीही चढलेला असला तरी तेवढं भान त्याला होतं. त्याचा पुढे केलेला हात हळूहळू खाली आला. आणि टेंपो चालवता येणारा दुसरा कुणी आमच्यात नव्हता.

हौद्यातून राजाबाईचा आवाज आला. “विहीनबाय, माज्या पोराला चारचौघात दारुड्या ठरवताव?”

“नाय, विहीनबाय. त्याच्यासारखा ड्रायवर नाय, मीच बोलते. पन आज त्यानं घेतलीय. आपल्याच लोकांनी दिली, माज्या घरवाल्यानं पन दिली. त्याची चूक नाय. पन गाडी चालनार नाय.”

सासरे खाली मान घालून उभे होते. त्यांनीही घेतलेली. हौसेराव पुढे आले. गावात त्यांचा शब्द चालायचा. आधी त्यांनी दरडावून पाहिलं, “वहिनी, बाप्यांच्या कामात बाईमानसानं पडू नये.” आई जागची हलली नाही. मग त्यांनी तिला बाजूला घेतलं. मी जवळच होते, मला ऐकू आलं. ते हळूच म्हणाले, “असं कर. अंगात आलं म्हन. देवीनं थांबवलं म्हन. म्हंजे जावयाला राग येनार नाय, विहीनबाय पन गप बसल. सगल्यांचंच भागल.”

वाट सोपी होती. माझ्या मनात आलं, आता आई केस सोडणार, घुमणार, आणि सगळे तिच्या पाया पडून गुपचूप खाली उतरणार. देवीच्या पायथ्याशी कुणी शंकासुद्धा घेतली नसती.

आई म्हणाली, “भावोजी, देवीच्या दारात देवीच्या नावानं खोटं नाय बोलनार. मी थांबवलाय. राग येईल तो माजा येऊं दे.”

मी मोऱ्याची. आमच्याकडे धक्क्यावर लाँच लागलेली असते, माणसं बसलेली असतात, आणि तांडेल वाऱ्याकडे बघून म्हणतो, आज जायचं नाही. मग कुणी त्याला विचारत नाही की तू आम्हाला भित्रं समजलास का. लोक पिशव्या उचलतात आणि घरी जातात. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं की जमिनीवर हेच सांगायला किती मोठं काळीज लागतं. समुद्रावर वाऱ्याला नाही म्हणायचं असतं. इथे जावयाला म्हणायचं होतं.

जयप्रकाश पाय आपटत झाडाखाली जाऊन बसला. हळूहळू माणसं हौद्यातून उतरायला लागली. पायथ्याशी हार-नारळाचं दुकान होतं, यशोदाबाई नावाच्या बाईचं. दुकानामागे तिचं सारवलेलं अंगण आणि पत्र्याची पडवी. आईने तिच्याशी बोलणं केलं. यशोदाबाईने एकदा झाडाखाली बसलेल्या जयप्रकाशकडे पाहिलं आणि म्हणाली, “र्‍हावा की. जागेचं काय एवढं!” आम्ही गाद्या आत नेल्या. राजाबाई पडवीच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसली.

तेवढ्यात दर्शनाची हाक आली. प्रितेशला जुलाब होत होते. एक झाला, लगेच दुसरा, पाण्यासारखा. मागून कळलं की कौतुकाच्या भरात कुणीतरी त्याला वाटेवरचा बर्फाचा उसाचा रस पाजला होता. पोर मलूल होऊन दर्शनाच्या खांद्यावर पडलं. दर्शना रडायला लागली.

जयप्रकाश धावत आला. आता त्याच्या आवाजात मान-अपमान नव्हता, भीती होती. “मामी, चावी द्या. पोराला दवाखान्यात नेतो. लोनावला काय लांब हाय?”

आता मात्र सगळेच आईकडे वळले. सासरेसुद्धा. कल्पेश म्हणाला, “आई, दे आता. पोराचा प्रश्न हाय.” दर्शना रडत ओरडली, “आये, दे ना गं!” मला खरं विचाराल तर मीही मनात म्हटलं, दे. पोटच्या लेकीचं पोर आजारी, आणि दारात गाडी उभी.

आईचा हात कमरेकडे गेला. चावीवर तो दाबून धरलेला मला दिसला.

“पोराला दवाखान्यात न्यायचाच. पन बरा करायला न्यायचा ना? मंग शुद्धीत असलेला मानूस गाडी चालवल. कल्पेश, फाट्याकडं पल. टमटम बग. यशोदाबाय, तुमच्या वलखीचा कोन हाय?”

यशोदाबाईने समोरच्या आळीत हाक मारली. तिचा भाचा टमटम चालवायचा. तो जेवत होता, ताटावरून उठला.

तो येईपर्यंत आई थांबली नाही. कॅनमधलं उकळलेलं पाणी तिने तांब्यात घेतलं, साखर घातली, मिठाची पुडी सोडली. रेडिओवर, टीव्हीवर तेव्हा नेहमी सांगायचे तसं. मीठ टाकून तिने चाखलं. मग तांब्या उचलून ती पडवीच्या टोकाला गेली, पाठ करून बसलेल्या राजाबाईसमोर बसली.

“विहीनबाय, तुमी पन चाखा. डोल्यातल्या पान्यापेक्षा खारट नको.”

राजाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग चमचा घेतला, चाखला. तिच्या डोळ्यांतून पाणी येतच होतं, तिला चव ठरवायला वेळ लागला नाही. “बरोबर हाय,” ती म्हणाली. आणि उठून नातवाला मांडीवर घेऊन बसली. एक आजी पोराचं डोकं धरून, दुसरी चमच्या-चमच्याने पाजत. पोराने उलटी केली तर आई जरा थांबायची आणि परत एक चमचा. घाई नाही. दर्शनाला म्हणाली, “अंगावर पाज, बंद करू नको. रडू नको, तुज्या रडन्यानं तो भितो.”

टमटम आली. राजाबाई बसली, दर्शना बसली, तांब्या घेऊन आई आणि मदतीला मी. जयप्रकाश बाजूला उभा होता, कुणी बोलावण्याची वाट बघत. आई म्हणाली, “जावय, चला. तुमी बाप हाव त्याचं. पन मागं बसा.”

तो मागे बसला. पोराला त्याच्या मांडीवर दिलं. गाडी आदळली की तो दोन्ही हातांनी पोराला वर उचलून धरायचा.

लोणावळ्याच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडा होता. त्यांनी पोट दाबून पाहिलं, कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ पाहिली, लघवी झाली का विचारलं. ती वाटेत झाली होती, जयप्रकाशचा सदरा भिजला होता. डॉक्टर म्हणाले, “घाबरू नका. तुम्ही पाणी द्यायला लगेच सुरुवात केली हे फार चांगलं केलं. तेच चालू ठेवा. पावडरीच्या पुड्या देतो. बाळाचे वडील कोण? त्यांना समजावून सांगतो.”

जयप्रकाश दाराबाहेर उभा होता. तो आत आला नाही. दारातूनच त्याने मान हलवली आणि तोंडावर रुमाल धरला. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मना सांगा, डॉक्टर. मी सांगन त्याला.”

परत आलो तेव्हा प्रितेश झोपला होता.

सकाळी पोरगं उठलं आणि भूक लागली म्हणून रडायला लागलं. असं रडणं ऐकून कुणी हसेल का? आम्ही सगळ्या बायका हसलो. यशोदाबाईने मऊ भात करून दिला. जयप्रकाशने विहिरीवर आंघोळ केली, कपाळाला अंगारा लावला आणि आईसमोर येऊन उभा राहिला. आईने आधी त्याला चहा दिला. तो पिऊन झाला तेव्हा कमरेची चावी काढून दोन्ही हातांनी त्याच्या ओंजळीत ठेवली.

“चला, जावय.”

त्याने चावी घेतली. तिच्याकडे पाहिलं नाही. घाट उतरताना तोच हात, तीच वळणं. आम्ही सगळे सुखरूप घरी पोचलो. सांगण्यासारखं एवढंच. कुठे अपघात झाला नाही, कुठली गाडी दरीत गेली नाही, आई बरोबर होती हे दाखवणारं काही घडलं नाही. त्यामुळे गावाला बोलायला मोकळं रान मिळालं.

“जयप्रकाशची भाडी बुडवली.” “व्याहीमंडळींचं तोंड काळं केलं.” “मासे विकून विकून बाईची जीभ चढलीय.” बाजारातल्या बायकाही तिला छेडायच्या, “जमुने, आमच्या जावयाची सायकल हाय, तिची चावी ठेवतेस काय?” आई सुरी फिरवत मासा कापायची आणि म्हणायची, “आन. ठेवते.”

जयप्रकाश आमच्या घरी येईनासा झाला. दर्शना एकटी यायची, तीही उभ्या उभ्या. गणपतीला तो आला नाही. जावयाशिवाय आमच्या घरचा पहिला गणपती गेला. त्याचं ताट आईने वाढून ठेवलं आणि मग गुपचूप उचललं. दिवाळीचं बोलावणं घेऊन कल्पेश गेला, तो निरोप घेऊन आला: गाडीचं काम निघालंय.

आईने काय केलं? चांगली मासळी मिळाली की घणसोलीला पाठवायची. कधी बोयट, कधी निवटे, एकदा तर महागडा जिताडा, जो ती कधी घरातही आणायची नाही. घेऊन बऱ्याचदा मी जायचे. राजाबाई दारात यायची, पाटी घ्यायची, मला पाणी द्यायची. तिचा राग कधीच गेला होता. ती आईची चौकशी करायची. “विहीनबायला सांग, प्रितेश आता धावतो.” जयप्रकाश मात्र आतल्या खोलीत असायचा.

एकदा मी परत आले तेव्हा आई अंगणात जवळा वाळत घालत होती. मी विचारलं, “आई, तुम्हाला तेव्हा भीती नाही वाटली? जावई कायमचा तुटला असता तर?”

तिने जवळ्यावरून हात फिरवला. “वाटली ना. अजून वाटते. पन रुसलेला जावय आनता येतो गं. आज नाय, उद्या. मी जीव असंपरयंत आनीन त्याला. दुसरं काय झालं असतं तर कुठनं आनला असता?”

असं बोलणं तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते तिने कुणाला ऐकवायला म्हणून बोललंही नव्हतं. तिचं लक्ष जवळ्यावर बसणाऱ्या कावळ्याकडे होतं.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. एक दिवस दुपारी दारात टेंपो थांबला. आई नुकतीच बाजारातून आली होती, पाय धुवत होती. जयप्रकाश उतरला. मागून दर्शना, कडेवर प्रितेश. पोराच्या डोक्यावर दाट कुरळे केस आले होते.

जयप्रकाश ओट्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. “मामी, आत येऊ का?” असं त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं.

“घर तुमचं हाय,” आई म्हणाली, आणि पदराला हात पुसत आत गेली. मी पाट मांडला. तो बसला नाही.

“मामी, तुमाला वाटत असल, मी चावीवरून रुसलो.”

“मंग?”

“दोन-चार दिवस होतो रुसलेला. खोटं कशाला बोलू? पन ते नाय, मामी.” त्याने मान खाली घातली. “डॉक्टर बोलले, बाप कोन? मना पुढं जाता आयला नाय. तोंडाचा वास येईल म्हनून मी दारात उभा र्‍हायलो. माजं पोर टेबलावर, आन् मी दारात. तुमी माज्याकडं बगितलं, आन् सांभालून घेतलं. ते तुमच्या डोल्यांत परत बगायची हिंमत होईना. म्हनून येत नव्हतो.”

आईने पाट त्याच्या पायाशी सरकवला. मग म्हणाली, “मी तुमचा चारचौघात अपमान केला, जावय. ते पन खरं हाय.”

“केला,” तो म्हणाला. “परत करशीला?”

“वेळ आली तर करीन.”

जयप्रकाश खो खो हसला. दारात उभी राहिलेली दर्शना हसता हसता रडली. ओट्यावरून सासऱ्यांनी विचारलं, “काय झालं रं?”

दर्शनाने मला नंतर चुलीपाशी सांगितलं. तो अजूनही पितो, लग्नाकार्यात. एकदम साधू झाला असं नाही. पण मुलांना घेऊन जायचं असेल त्या दिवशी बाटलीला शिवत नाही, आणि दुसऱ्याने आग्रह केला तर म्हणतो, मला गाडी चालवायची आहे. पूर्वी हे वाक्य म्हणायला त्याला लाज वाटायची.

आईने त्या दिवशी खाडीचे बोयट आणले होते, अंडी भरलेले. तिने ते तव्यावर सोडले. जयप्रकाशने पहिल्या घासालाच डोळे मिटले आणि भराभर जेवायला लागला, कित्येक महिन्यांचं राहिलेलं एका बैठकीत भरून काढल्यासारखा. आई त्याच्यासमोर जमिनीवर बसली होती. तिने आणखी एक तुकडा त्याच्या ताटात वाढला, प्रितेशला मांडीवर ओढून त्याच्यासाठी मासा बोटांनी कुस्करायला घेतला आणि जावयाकडे न बघताच म्हणाली,

“जावय, काटं बगून खा. कोन मागं लागलंय?”